दुपारी एक ते सहाचा पहारा

माझी ड्यूटी दुपारी एक ते सहा असायची. आठवड्यातून तीन दिवस, कधी चार. पगाराची नव्हे, ती तर सकाळी नऊलाच सुरू झालेली असायची, ही दुसरी. लॅपटॉपच्या शेजारी साखरेच्या डब्याला टेकवून एक फोन उभा केलेला, आणि त्याच्या पडद्यावर मनिलातल्या माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात पडलेले एक म्हातारे गृहस्थ. रक्ताचे ना नात्याचे. आमच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या फिलिपिनो सिस्टरचे ते वडील. आणि मी त्यांच्यावर आयर्लंडातून पहारा देत होते. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे.

मी आयर्लंडातल्या नास या गावात राहते. मूळची पुण्याची. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या चुकांचे कागद तपासते, बरेचसे घरूनच. नवरा सँडीफोर्डला ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. हिवाळ्यात इथे दुपारी चारला दिवे लावावे लागतात. कपडे रेडिएटरवर वाळत घालायचे आणि ते मेले तीन दिवस वाळत नाहीत. सगळ्या घराला ओल्या टॉवेलचा वास. पहिल्या वर्षी मला याचं रडू यायचं, आता नुसती चिडचिड होते.

ती शेजारची सिस्टर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. इथल्याच एका इस्पितळात मेडिकल वॉर्डला. कचऱ्याची बिनं बाहेर ठेवता ठेवता ओळख झाली, आणि भाताशिवाय तिचंही पोट भरत नाही नि माझंही नाही, एवढ्यावर मैत्री जमली. ती मला ‘आते’ म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, अगं बाई, हिने मला एकदम बापाच्या पिढीत नेऊन बसवलं! मग तिने समजावून सांगितलं आणि मला ते आवडायला लागलं. आम्ही बोलायचो इंग्रजीतच, पण ती ‘आते’ म्हणाली की मला ते मराठीच वाटायचं.

तिची आई नव्हती. एक भाऊ, तो मालवाहू जहाजावर. महिनोन् महिने समुद्रात. वडील निवृत्त सार्जंट, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हृदय थकलेलं, पाय सुजलेले, फुप्फुसात पुनःपुन्हा पाणी साठायचं. सप्टेंबरात ते इस्पितळात गेले तेव्हा ती सगळी रजा घालवून तीन आठवडे तिकडे राहून आली. ते घरी गेले, पुन्हा आले. नोव्हेंबरात तिसऱ्यांदा.

तिकडे एक पद्धत आहे. पेशंटजवळ घरचं एक माणूस चोवीस तास असावं लागतं. त्याला ‘बांताय’ म्हणतात, म्हणजे राखणदार. गळ्यात पास अडकवायचा, खाटेशेजारी खुर्चीवर बसायचं, पाणी द्यायचं, कूस वळवायला मदत करायची, औषध आणायला पळायचं, काही वेगळं दिसलं तर सिस्टरला हाक मारायची. आपल्याला यात नवल वाटत नाही, आपल्याकडेही पेशंटजवळ कुणीतरी बसतंच. इथे आयर्लंडात मात्र भेटायची वेळ संपली की घरच्यांना गोड बोलून बाहेर काढतात आणि पुढचं सगळं सिस्टर करतात. ती एकदा म्हणाली, “मी इथे रोज बारा तास दुसऱ्यांच्या वडिलांची बांताय असते. माझ्या वडिलांजवळ माझी मावसबहीण डुलक्या काढते.”

डुलक्या काढायची ती बिचारी. दिवसा एक मावशी बसायची आणि रात्री ही मावसबहीण, जी दिवसभर बेकरीत उभी असायची. अकरा वाजले की तिची मान छातीवर पडायची. म्हातारबुवांना रात्री भ्रम व्हायचा, ते नाकातली ऑक्सिजनची नळी काढून टाकायचे. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या, पण खाटा बारा आणि हात मोजके. दोनदा नळी निघालेली उशिरा लक्षात आली, तेव्हा माझ्या शेजारणीने ही फोनची युक्ती काढली. त्यांच्या खाटेच्या कठड्याला एक फोन बांधायचा, व्हिडिओ कॉल चालूच ठेवायचा, आणि तिकडची रात्र म्हणजे इकडची दुपार, तेव्हा इकडून कुणीतरी बघत राहायचं. तिची सुटी असेल तेव्हा ती स्वतः. तिची शिफ्ट असेल तेव्हा मी.

मी काय करायचं, तर बघायचं. नळी निघाली, ते उठायला लागले, श्वास वेगळा वाटला, की ओरडायचं, “गिसिंग!” म्हणजे ऊठ. त्यांच्या भाषेतला मला येणारा तो एकच उपयोगी शब्द. मी असला आवाज लावायचे की मावसबहीणच काय, शेजारच्या चार खाटांवरचे बांताय उठून बसायचे. पहिल्या आठवड्यात वॉर्डभर झालं, सार्जंटसाहेबांची इंडियन बांताय आहे, ती फोनमध्ये राहते. समोरच्या खाटेवर एका सैनिकाची विधवा होती, ती झोपण्याआधी मला हात हलवून दाखवायची. मुलगी शाळेतून आली की पडद्याकडे बघून नाक मुरडायची. “आई, धिस इज सो क्रीपी,” म्हणायची, आणि मग दोन मिनिटांनी स्वतःच खुर्ची ओढून बघत बसायची.

त्यांना सगळे ‘ताताय’ म्हणायचे, म्हणजे बाबा. मीही तेच म्हणायला लागले.

ताताय शुद्धीत असले की छान इंग्रजी बोलायचे, थोडं जुन्या वळणाचं. त्यांच्या लेखी बांताय म्हणजे सेंट्री ड्यूटी. कोण पहाऱ्यावर आहे ते त्यांना झोपण्याआधी कळलंच पाहिजे. पहिल्याच दिवशी त्यांनी लेकीला विचारलं, ही जी बसणार आहे तिची रँक काय? ती म्हणाली, हिची नाही, पण हिचे वडील भारतीय सैन्यात हवालदार होते. त्यांनी जरा विचार केला. “हवालदार म्हणजे सार्जंट,” ते म्हणाले, “मग चालेल.” त्यानंतर रोज एक वाजता मी पडद्यावर आले की ते विचारायचे, “सेंट्री, तुझ्या पोस्टवर हवा कशी आहे?” मी म्हणायचे, “पाऊस, ताताय.” “कालही पाऊस होता.” “उद्याही असणार आहे, सर.” एवढं झालं की ते डोळे मिटायचे.

मला ते आवडायचे हो. उगाच कशाला आडपडदा ठेवू. बाबा असते तर याच वयाचे असते.

बाबांचं सांगायला हवं, कारण तिने मला का निवडलं ते त्याशिवाय कळणार नाही. चार वर्षांपूर्वी बाबा पुण्याच्या लष्करी इस्पितळात होते. आमच्या कारखान्यात तेव्हा मोठं ऑडिट होतं. दादा रोज फोनवर सांगायचा, काही नाही गं, रुटीन तपासण्या आहेत, तू तुझं काम कर. आईला फोन द्यायला सांगितलं की ती अंघोळीला गेलेली असायची. चार दिवस आई अंघोळच करत होती! मला कळायला नको होतं का? पण दूर असलं की माणूस जे सांगतील ते धरून बसतं. पाचव्या दिवशी ऑडिट संपलं आणि त्याच संध्याकाळी दादा म्हणाला, निघून ये. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. अंगणात मांडव, मंडळी खुर्च्यांवर, कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर सगळे एकसुरात, “तुला तिकडे एकटीला उगाच टेन्शन नको म्हणून.” माझं डोकंच फिरलं. मी दादाला नको नको ते बोलले, वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. माझ्या काळजीपायी माझा बाप माझ्यापासून चोरला यांनी, असं मी म्हणायचे. ज्याला त्याला सांगायचे. शेजारणीलाही सांगितलं होतं, एकदा नाही, चांगलं चार-पाच वेळा.

तर नोव्हेंबरात तिसऱ्यांदा ताताय इस्पितळात गेले तेव्हा ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. रडली वगैरे नाही. कामाचं बोलावं तसं बोलली. म्हणाली, “या वेळी ते घरी जाणार नाहीत. डॉक्टर सांगत नाहीत, पण मी रोज बघते, मला कळतं. मला डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी रजा मिळाली आहे, तिकीट काढलंय. तोवर थांबले तर हात हातात घेईन. नाही थांबले तर निदान माझा आवाज त्यांच्या कानात हवा. ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं, आते. मी पाहिलंय.”

मग तिने एका कागदावर वॉर्डाचा नंबर लिहिला आणि माझ्या प्रेसच्या दारावर चिकटवला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. शिफ्टमध्ये तिचा मोबाईल लॉकरमध्ये असायचा. “वॉर्डात सांगून ठेवलंय मी. तू फोन केलास की मला बोलावतील, मी हातातलं टाकून येईन. दुसऱ्या कुणाला हे काम सांगितलं नसतं. मावशी रडत बसेल, बहीण घाबरेल, लपवतील माझ्यापासून. तू नाही लपवणार. तुझं तुला माहीत आहे.”

मी तिचा हात दाबला. म्हटलं, “मेले तरी लपवणार नाही.”

तो गुरुवार. शनिवारला दोन दिवस उरलेले. सकाळी ती कामावर निघाली तेव्हा कुंपणाशी बोललो. फार दमलेली होती. वॉर्डातल्या दोघी फ्लूने आडव्या, त्यात कुणीतरी तिच्यावर उगाच खेकसलेलं. म्हणाली, “आजचा आणि उद्याचा दिवस काढला की झालं. बॅग भरून ठेवली आहे.” डोळ्यांखाली एवढी काळी वर्तुळं.

एक वाजता मी फोन लावला. ताताय जागे होते पण हवा कशी ते विचारलं नाही. मीच म्हटलं, “पाऊस, ताताय.” त्यांनी नुसती मान हलवली. मावसबहीण आज लवकरच झोपली होती. मी माझे कागद उघडले, एक डोळा इकडे, एक तिकडे. दीडच्या सुमाराला त्यांचा श्वास बदलला. कसा ते मला सांगता येणार नाही. विहिरीतून पाणी ओढल्यासारखा, मध्ये मोठा खंड पडणारा. मी ओरडले, “गिसिंग!” ती दचकून उठली, पळाली. सिस्टर लगेच आल्या, डॉक्टर आला, नळी काढून तोंडावर मास्क लावला, खाटेभोवतीचा पडदा ओढला. सगळं झटपट आणि नीट. काही मिनिटांनी मावसबहीण फोन हातात घेऊन पडद्याबाहेर आली, गालांवरून पाणी वाहतंय. “आते, डॉक्टर म्हणाले घरच्यांना बोलावून घ्या. ते तिचं नाव घेतायत. तिला सांग. लवकर सांग.”

मी उठले. प्रेसच्या दाराजवळ गेले. माझ्या दुसऱ्या फोनवरून नंबर फिरवला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

आणि तेवढ्या चार-पाच रिंगांच्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं! ती आत्ता कुणाला तरी औषध देत असेल. हे ऐकून तिथेच कोसळेल. एवढ्या लोकांसमोर. मग या पावसात रडत रडत गाडी चालवत येईल. डॉक्टरांचं काय, ते सांगतातच. मागच्या वेळीही बोलावून घ्या म्हणाले होते आणि म्हातारबुवा दुसऱ्या दिवशी भात मागत होते. परवा तर ती निघालीच आहे. तीन वाजता तिचा ब्रेक असतो, तेव्हा शांतपणे सांगू. आत्ता उगाच टेन्शन कशाला.

हो. अगदी तेच शब्द. उगाच टेन्शन.

पलीकडे कुणीतरी मुलीने फोन उचलला. मी शेजारणीचं नाव सांगितलं. “ती आत पेशंटजवळ आहे,” ती मुलगी म्हणाली. “अर्जंट आहे का? बोलावू तिला?”

विचारलं होतं तिने. सरळ विचारलं होतं, बोलावू का.

मी म्हटलं, “नाही नाही, यू आर ग्रँड. अर्जंट नाही. नंतर करते.”

इथे कशालाही ग्रँड म्हणतात. चहा सांडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. तो शब्द माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडला आणि मी फोन ठेवला. घड्याळात एक बेचाळीस झाले होते.

मी टेबलाशी परत आले. मावसबहीण पडद्यावर माझीच वाट बघत होती. “सांगितलंस?” मी म्हटलं, “फोन केला. येतेय ती.” यातलं पहिलं वाक्य खरं होतं. तिने ते लगेच आत जाऊन तातायना सांगितलं, त्यांच्या भाषेत, मोठ्याने, कानाशी. आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. म्हणजे लेक आली की त्यांना दिसावी.

त्यांनी डोळे उघडले. मास्कच्या वर फक्त डोळे. ते पडद्याकडे बघत राहिले, आणि पडद्यावर मी. मी काही बोलेन असं वाटलं असेल. मी म्हटलं, “ताताय, येतेय ती. ड्यूटीवर आहे, येतेय.” त्यांनी मास्क बाजूला सारायचा प्रयत्न केला, सिस्टरने तो हळूच परत बसवला. पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. रागाने नाही, तक्रारीने नाही. नुसते वाट बघत होते. पडद्यावरचा चेहरा बदलायची.

तेव्हाही वेळ होता हो. दहा आकडे फिरवायचे होते. मी उठलेही. मग वाटलं, आता केला तर ती विचारेल, मघाशी का नाही सांगितलंस. वॉर्डातली मुलगी सांगेल, मघाशी फोन आला होता. काय उत्तर देणार होते मी? मग म्हटलं तीनला, तीनला नक्की. माणूस किती पटकन स्वतःच्या बाजूने बोलायला लागतो, शी!

ते बघतच होते. मला ते सहन होईना. मी कॅमेरा बंद केला.

माझा कॅमेरा बंद केला, माझा आवाजही बंद केला, आणि मावसबहिणीला मेसेज टाकला, नेटवर्क गेलंय. तिकडे त्यांच्यासमोर काळा पडदा राहिला असणार. मी हॉलमध्ये गेले आणि रेडिएटरवरचे कपडे घड्या करायला लागले. ओलेच होते ते. घड्या केल्या, मोडल्या, परत केल्या. मुलीच्या शाळेचा पिनाफोर मी चार वेळा झटकला. दोन पंचवीसला परत स्वयंपाकघरात आले तर तिकडचा फोन कुठेतरी खाली पडलेला होता, पडद्यावर वरचा पंखा दिसत होता आणि मावसबहिणीचं रडणं ऐकू येत होतं. ते मोठमोठ्याने रडणं नव्हतं. संपल्यावरचं होतं.

त्यानंतर तीन वाजले, तरी मी वॉर्डाला फोन केला नाही. आता कशाला, असंही वाटलं. एवढी मी शूर.

तिला ब्रेकमध्ये मोबाईल उघडल्यावर कळलं. मावसबहिणीचे, मावशीचे कितीतरी मेसेज. साडेतीनला माझी बेल वाजली. ती युनिफॉर्ममध्येच होती, कोट नव्हता, केस पावसाने कपाळाला चिकटलेले. मी दार उघडलं आणि तिला जवळ घ्यायला गेले. तिने घेऊ दिलं, पण तिचे हात खालीच होते. आत आली, टेबलाशी बसली. मी चहा ठेवायला वळले तर म्हणाली, “नको. बस.”

मी बसले.

“तू वॉर्डाला फोन केला होतास,” ती म्हणाली.

“हो.”

“अर्जंट नाही म्हणालीस.”

मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागले. दादा निदान खोटं तरी नीट बोलला होता. मला तेही सुचेना. ती मात्र शांत. तिचा तो शांतपणा बघून मला वाटलं, ओरड ना बाई, शिव्या दे, ताटं फोड. मी दादावर सगळं अंगण डोक्यावर घेतलं होतं. ही नुसती बघत होती.

मग तिने विचारलं, “कसे गेले?”

आणि मी, एवढं सगळं होऊनही, मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “अगदी शांतपणे गेले गं. झोपेतच. काही त्रास झाला नाही त्यांना.”

“आते,” ती म्हणाली, “हे वाक्य माझं आहे. मी वॉर्डात नातेवाईकांना हेच सांगते. नवीन मुली येतात, त्यांना मीच शिकवते, असं म्हणायचं, हळू आवाजात म्हणायचं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. मला नको सांगूस.” तिने टेबलावरचे माझे कागद बाजूला सारले, कोपरं टेकवली. “खरं सांग. पहिल्यापासून. किती वाजता काय.”

मग मी सांगितलं. एकपासून सुरुवात केली. हवा विचारली नाही, ते सांगितलं. श्वास कसा बदलला ते विचारलं तिने, दोन श्वासांमध्ये किती वेळ जात होता, ओठांचा रंग कसा होता. मी आठवून आठवून सांगत होते, ती मान हलवत होती, तक्ता भरून घेतल्यासारखी. एक बेचाळीसचा फोन सांगितला. ती मुलगी काय म्हणाली, मी काय म्हणाले, शब्दाला शब्द. “येतेय ती” म्हटलं ते सांगितलं. मास्क काढायला गेले ते सांगितलं. तिथे तिने डोळे मिटले, उघडले, म्हणाली, “पुढे.” मी म्हटलं, मग मी कॅमेरा बंद केला. आवाज बंद केला. कपड्यांच्या घड्या करत बसले. शेवटचं मला माहीत नाही. मी बघत नव्हते.

बाहेर अंधार पडायला लागला होता आणि दिवा लावायला उठायची मला हिंमत होत नव्हती.

मग तिने एकच विचारलं.

“तू कॅमेरा बंद केलास तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते?”

“हो,” मी म्हटलं.